पाठमोऱ्या मेंढ्यांचे फोटो

माझ्या दुकानातल्या काउंटरची काच मी दिवसातून तीनदा पुसतो, आणि तिच्यावर कुणी पंजा टेकवला की माझं डोकं फिरतं. सांगलीत पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवतोय, कॅमेरे विकतो, दुरुस्तही करतो. सुमंत फोटोवाला तापट आहे हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. नव्व्याण्णव सालची दिवाळी नुकतीच उरकली होती तेव्हा हरणाबाई पहिल्यांदा दुकानात आली, ती दोन्ही पंजे काचेवर टेकवून आणि वर नाकही काचेला लावून.

मी तोंड उघडणार तोच बरोबरची पोरगी घाईघाईनं म्हणाली, "रागावू नका ओ. आत्याबाईंना दिसत न्हाई नीट."

मग मी बाईकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेली, काटक, कपाळावर मोठं कुंकू, आणि दोन्ही बुबुळांवर दुधाचा हात फिरवल्यासारखी साय. मोतीबिंदू. माझ्या आईला होता, त्यामुळे मला सांगावं लागलं नाही.

"आवं भाऊ," हरणाबाई म्हणाली, "काढल्या काढल्या फोटू दिसतोय असला क्यामेरा आलाय म्हनं. त्यो दाखवा. ऊन, वारं, धुरळा, लेंड्या, समदं सोसणारा पायजे. आन आमच्या ऐपतीतला."

मला हसू आलं. त्या वर्षी सगळ्या सांगलीत डिजिटल कॅमेरे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही डॉक्टर-बिल्डर लोकांकडे, आणि ही बाई मेंढरांच्या तळावरून थेट माझ्याकडे आलेली. "कशाला हवाय?" मी विचारलं. माझ्या आवाजात कुचेष्टा होती, ते मी नाकारत नाही. तिनं मात्र सरळ मनानं सगळं सांगितलं.

हरणाबाई आटपाडीकडची, धनगराची. गावी थोडी कोरडवाहू जमीन, पण घर चालतं ते दीडशे मेंढरांवर. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कळप घेऊन निघायचं आणि खतासाठी एकेका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवत हिंडायचं. त्या वेळी त्यांचा तळ तासगावच्या पलीकडे पडला होता. मुलगा मल्हार दिवसभर मेंढरं घेऊन रानात, आणि नुकती जन्मलेली कोकरं बायकांपाशी तळावर. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की चाळीस-पंचेचाळीस कोकरं एकदम सुटतात आणि एकच गलका होतो. तुम्ही म्हणाल, मेंढी आपलं पोर वासावरून ओळखते की. ओळखते, पण धडधाकट कोकरं दिसेल त्या कासेला लागतात, दुबळी बाजूला पडतात, आणि पहिलटकरीण मेंढी स्वतःच्याच पिलाला लाथ मारते. म्हणून एकेक कोकरू उचलून त्याच्या आईखाली लावावं लागतं. ज्याचं चुकलं ते उपाशी, आणि लागोपाठ दोन-तीन दिवस चुकलं तर ते गेलंच. हे काम हरणाबाई तीस वर्षं करत होती. दीडशे मेंढ्यांना दीडशे नावं होती.

आता तिला कोकरू हातात धरून चाचपावं लागत होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एका डोळ्याचा मोतीबिंदू पिकलाय, या महिन्यात ऑपरेशन केलं नाही तर डोळाच हातचा जाईल. आणि ऑपरेशननंतर तीन आठवडे धूर, धूळ, वाकणं, सगळं बंद. हरणाबाई दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून परत आली होती. ऐन पिलांच्या दिवसांत तळ सोडायचा कुणाच्या भरवशावर?

"हिच्या?" सुनेकडे बोट करून ती म्हणाली. "प्रांजलला समदी मेंढरं काळी दिसत्यात."

"काळीच आहेत की," प्रांजल पुटपुटली.

ही सून कोरेगावची, दहावी झालेली. तिच्या आज्यानं मेंढरं विकली, बाप टेम्पो चालवायचा. वैशाखात लग्न होऊन आली तेव्हा तिनं मेंढी लांबूनच पाहिलेली. पण कॅमेऱ्याची कल्पना तिचीच. आई आणि पिलू यांचा जोडीनं फोटो काढायचा, संध्याकाळी बघून जोडी लावायची, म्हणजे आत्याबाई मिरजेला जायला मोकळ्या. मी म्हटलं, मग साधा रोलचा कॅमेरा घ्या, चौथ्या हिश्श्यात येईल. ती म्हणाली, "रोल संपायचा कवा, धुऊन यायचा कवा? तवर कोकराचं रूपच बदलतंय." पोरगी हुशार होती. माझी कुचेष्टा जरा निवळली.

मी तीन कॅमेरे काढून ठेवले. पहिला फ्लॉपीवाला, पाटीएवढा. त्याच्या पैशात दुभत्या म्हशींची जोडी आली असती. हरणाबाईनं फ्लॉपी सारायची फट बोटानं चाचपली आणि म्हणाली, "ह्या तोंडातनं धुरळा जाणार." विषय संपला. दुसरा कुणाच्या तरी पुतण्यानं सिंगापूरहून आणलेला, चंदेरी, नाजूक. तो तिनं तळहातावर तोलला. "ह्यो जावयावानी हाय. ह्याला जपायलाच एक माणूस लागंल."

तिसरा मी नाइलाजानं काढला. कोयनानगरला बोगद्याच्या कामावर असलेल्या एका इंजिनिअरनं बदली झाल्यावर माझ्याकडे विकायला ठेवला होता. जपानी, बांधकामावर वापरायला बनवलेला, पिवळा, सगळीकडून रबर. विटेसारखा दिसायचा. तीन महिने दुकानात पडून होता, गिऱ्हाईक बघून हसायचं. किंमत एका म्हशीच्या आतली. हरणाबाईनं तो उचलला, दाबला, कानाशी नेऊन हलवला, सेलचं झाकण उघडून आत फुंकर मारली. बाजारात बकरं पारखतात तसं पाच मिनिटं चाललं होतं. मग म्हणाली, "ह्यो बरा दिसतोय. आठ दिस तळावर ऱ्हाऊ द्या. टिकला तर पैसं, न्हाई तर तुमचा तुमाला."

"बाई, हे दुकान आहे, जनावरांचा बाजार नव्हे!" मी ओरडलोच.

"बैल तरी औताला जुपल्याबिगार कोन घेतंय व्हय?" ती शांतपणे म्हणाली. आणि मी तो कॅमेरा दिला. का दिला ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझ्या आईनं ऑपरेशन पुढं पुढं ढकलत एक डोळा घालवला होता, कदाचित त्यामुळे असेल.

रविवारी मी स्कूटर काढली आणि शिकवायला म्हणून तळावर गेलो. कॅमेऱ्याची परीक्षा आधीच सुरू झाली होती. एका कोकरानं त्याचा पट्टा चघळला होता, मल्हारच्या हातून तो एकदा हौदापाशी पडला होता, आणि तरी चालत होता. उन्हात पडद्यावर काही दिसेना, तेव्हा प्रांजल घोंगडं डोक्यावरून घेऊन आत बघायची. हे मला सुचलं नसतं.

आता माझी अक्कल ऐका. मी स्टुडिओवाला. मल्हारला मेंढी धरायला लावली, तोंड समोर, मान सरळ, पासपोर्टला काढतात तसा एकेक फोटो. खाली पिलू. बावीस फोटो काढले आणि मोठ्या ऐटीत हरणाबाईला म्हटलं, घ्या सुनेची परीक्षा. प्रांजल घोंगड्यात शिरली. सगळ्या मेंढ्या आमच्याकडे सारख्याच निर्विकारपणे बघत होत्या. बावीसपैकी तिला ओळखता आल्या तीन.

हरणाबाईला सगळा प्रकार कळला तेव्हा ती पोट धरून हसली. "आवं भाऊ, मेंढराच्या म्होरं कोन चालतंय? जलमभर आपुन मागनं चालतो. तोंड बघून मेंढरू कुनी वळखतंय व्हय?"

मी जन्मभर माणसांना "हनुवटी वर करा" म्हणत आलेला माणूस. त्या दुपारी मल्हारबरोबर मेंढ्यांच्या मागं मागं हिंडलो. आणि खरंच, मागून बघितलं तर एक आणि दुसरी यांचा संबंध नव्हता. कुणाचे मागचे पाय गुडघ्यात आत, कुणाची शेपटी एका अंगाला, कुणाचं ढुंगण उतरतं, कानडी मुलखातून आणलेल्या एकीची चाल तर अशी की तिला 'कानडी' म्हणूनच हाक होती. फोटोत मेंढी पाठमोरी आणि तिच्या शेजारी प्रांजलच्या हातात पिलू, ते मात्र समोरून, कारण पिलं बायका मांडीवर घेऊन बघतात. चार दिवस प्रांजल हे फोटो काढत आणि घोकत होती. आठव्या दिवशी मल्हार येऊन पैसे देऊन गेला, आणि नवव्या दिवशी हरणाबाई मिरजेला गेली. तिथे तिची बहीण अंजना राहायची.

तीन आठवडे मी वाट पाहिली. हा कॅमेरा पेन्सिल सेल नुसते खातो, म्हणून मी प्रांजलला बजावून सांगितलं होतं की संपले की मल्हारला पाठव. कुणी आलं नाही. कॅमेरा मोडला असणार, आणि भीतीनं कुणी सांगत नसणार, असं मी धरून चाललो. रोज दुकान बंद करताना ती उपाशी कोकरं डोळ्यांसमोर यायची. एकदा जायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. खरं सांगतो, बघायची हिंमत होत नव्हती.

मग हरणाबाईच दुकानात आली. काळा चष्मा, काचेपासून हातभर लांब उभी. "भाऊ, तुमच्या मिशीत पांढरं लय झालंय," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर खेकसलोही नाही. तिलाही तळावरून काही निरोप नव्हता. मी दोन डझन सेल पिशवीत घातले आणि आम्ही दोघं तासगावच्या एस.टी.त बसलो. वाटेत म्हणाली, डॉक्टर दुसऱ्या डोळ्याचं विचारत होते, पण आता एक बास झाला, पुन्हा तळ सोडून जाणं व्हायचं नाही. बोलता बोलता ती पदराचं टोक पिळत होती.

उतरून आम्ही बांधाबांधानं चाललो. मेंढ्या नुकत्याच परतल्या होत्या आणि कोकरं सुटली होती. बाभळीपाशी हरणाबाईनं मला हातानं थोपवलं. "थांबा. तिला कळू देऊ नगा."

प्रांजल त्या गलक्यात एकटी होती. वाकायची, एक पिलू उचलायची, मेंढ्यांत मागून शिरायची, लावायची, परत फिरायची.

"कॅमेरा नाही हातात," मी कुजबुजलो. "मोडला."

"गप ऱ्हावा." हरणाबाई बघत होती. तिचे ओठ हलत होते. नावं घेत होती ती, आणि प्रत्येक नावाला मान डोलवत होती. असं पंधरा-वीस जोड्यांपर्यंत झालं. मग तिची मान थांबली. "चुकली," ती म्हणाली. "चांद्या भुरीचं कोकरू हाय. तिनं कानडीखाली लावला." तिच्या आवाजातला जीवच गेला होता. मी काही बोलायच्या आत ती बांध उतरून निघाली, आणि डॉक्टरांनी पळायला मनाई केलीय हे ओरडून सांगत मी मागून.

सून वळली. "आत्याबाई! दिसतंय का?"

"दिसतंय म्हनूनच इचारते. चांद्याला कानडीखाली का घातलास?"

प्रांजलचा चेहरा पडला. मल्हार पुढं झाला. "आई, भुरी गेली. पोट फुगलं, दोन तासात आटपलं. तुला कळवलं असतं तर तू पट्टी सोडून आली असतीस."

"आन कानडीचं पोर?"

"त्ये आदल्याच दिशी मेलं," प्रांजल खाली बघत म्हणाली. "हिकडं पोर उपाशी, तिकडं कास भरलेली. वास तिचाच यावा म्हनून मी कानडीचंच दूध काढून चांद्याच्या अंगाला चोळलं. पाच दिस तिनं लाथा मारल्या. मी सकाळ-संध्याकाळ तिचा पाय धरून बसायची. सहाव्या दिशी तिनं त्याला चाटलं."

"आणि कॅमेरा?" मला राहवेना.

"सेल पाचव्या दिशीच संपलं. ह्ये रानात, मी पिलांपाशी, आणाय कोन जाणार? मग काय, मेंढरातच बघितलं." कॅमेरा पालाच्या खांबाला टांगलेला होता, धडधाकट, एक ओरखडा वगळता.

 हरणाबाई कानडीपाशी जाऊन उकिडवी बसली. चांद्या ढुसण्या देत पीत होता आणि कानडी स्वस्थ रवंथ करत होती. "कानडी दुसऱ्याचं पोर घेत न्हाई," ती अखेरीला म्हणाली. "मी दोनदा करून बघितलं. दोन्ही येळंला पोर गेलं माझ्या हातचं." तिनं चष्मा काढला आणि पदरानं डोळा टिपायला लागली. मी ओरडलो, "बाई, हात लावू नका डोळ्याला!"

ती उठली, पदर खोचला. "प्रांजल, माघात मी पुन्यांदा मिरजंला जाती. दुसरा डोळा करून घिती. ह्या खेपंला चांगला म्हैनाभर ऱ्हाती अंजनाकडं."

प्रांजलनं मागं वळूनही पाहिलं नाही. तिच्या एका हातात एक कोकरू होतं आणि दुसऱ्या हातानं ती पुढच्याला गोळा करत होती. "जावा की, आत्याबाई," ती म्हणाली आणि मेंढ्यांत शिरली.