तिसऱ्या ओळीला नळ आला

आमची मुलगी बारा वर्षांची झाली आणि तिची बात मित्झवा करायचं ठरलं. म्हणजे मुलगी धर्माच्या दृष्टीनं मोठी होते, सगळ्यांसमोर हिब्रूतून वाचते आणि आपल्या माणसांसाठी काहीतरी सेवा पत्करते. जालन्यात आम्हा बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर एकच. मग आपली माणसं कोण? गल्ली!

सेवा तिनंच शोधली. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि कधी ते नळालाच ठाऊक. पाणी सुटलं की ही ताट बडवत दारोदार पळायची, म्हाताऱ्यांचे ड्रम भरून द्यायची. समोरच्या काकूंचे तर सगळेच. त्या तिला "माझी कलेक्टरीण" म्हणायच्या.

तिला एकच हवं होतं. तिचं वाचन गल्लीनं बसून ऐकावं. चार महिने ठाण्याच्या मामाकडून फोनवर शिकली.

"त्यांना काही कळणार नाही गं," मी म्हटलं.

"नाही कळलं तर नाही. ऐकू दे."

त्या रविवारी सकाळी काकू मलिद्याच्या गोड पोह्यांसाठी नारळ खवायला आल्या. तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "आज नळ आला तरी उठणार न्हाई मी. बिलकुल न्हाई!" काय तो आवाज, काय ते डोळ्यांतलं पाणी! नाटक कंपनीत असत्या तर नाव काढलं असतं.

अंगणातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. ती नव्या पांढऱ्या कुडत्यात उभी राहिली. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला कोपऱ्यातला नळ खोकला.

आधी कोण उठलं? काकूच! गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, हरिणीसारखी! "आलं गं बाई पाणी!" मग खुर्च्या धडाधड वाजल्या आणि अंगण रिकामं.

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. काकूंची धाव करून दाखवते, लोक पोट धरून हसतात. एक जागा तेवढी गाळते. मोटर लावायची होती. दोनच मिनिटं, म्हणून मीही उठले.

परतले तेव्हा साडीचा काठ ओला होता. ठाण्याहून आलेला तिचा मामा एकटाच बसलेला. तिनं पुस्तक मिटलं होतं.

"झालं?"

"झालं."

नवव्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. उठून बघते तर गल्लीभर ओली पावलं, काकूंचे ड्रम काठोकाठ, आमचे कोरडे. पोटची पोर, आणि दगा आईला!

ती आत अभ्यास करत होती. ताट शेजारीच.

"अगं, मला उठवलं नाहीस?"

"तुला कशाला उठवायचं?" तिनं वहीतून डोकंही वर केलं नाही. "पाणी आलं की तुझी तूच उठतेस."

संध्याकाळी घागर घेऊन मी काकूंच्या दारात गेले. पाणी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "एवढं काय केलं हो तुमी पोरीला? आमच्यावर तर न्हाई रागावली ती."