दारफाळणीचा गजर

एस.टी.त हयात गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं भोरच्या स्टँडावर कंट्रोलर म्हणून. सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक मला तोंडपाठ असायचं आणि त्याचा मला माज होता, हे कबूल करतो. म्हणून समोरच्या सिस्टरनी जेव्हा मोबाईल पुढे केला आणि यात आमचे सण घालून द्या म्हणाल्या, तेव्हा मी म्हणालो, त्यात काय, दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांच्या कामाने माझे चार दिवस खाल्ले. पुढे जे झालं ते आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

सिस्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या, आता ऐंशीला टेकलेल्या निवृत्त नर्सबाई. नोकरी सगळी वेल्ह्याकडच्या डोंगरात. पाली आणि त्यापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर अर्ध्याअधिक बाळंतपणं त्यांच्या हातची. सकाळच्या वेल्हा गाडीला त्यांना उशीर झाला तर मी दोन मिनिटं गाडी सोडायचो नाही, आणि हे मी आयुष्यात फक्त त्यांच्यासाठी केलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती लेक इस्राएलला. भोरात त्यांच्या धर्माचं त्यांच्याशिवाय कुणी नाही. कोकणात एक भाऊ होता. तो दरवर्षी समाजाची छापील दिनदर्शिका पोस्टाने पाठवायचा. त्यावर कुठला सण कधी ते ठळक अक्षरात असायचं. पाठवायचा ते पाठवायचा, वर सणाच्या आदल्या दिवशी फोनही करायचा.

तो भाऊ उन्हाळ्यात गेला. दिनदर्शिका आली नाही. आमच्या घटस्थापनेच्या सुमारास त्यांचं नवं वर्ष लागतं, त्याला त्या नव्याचा सण म्हणतात. लेकीचा शुभेच्छांचा फोन आला तेव्हा सिस्टर बटाटे सोलत होत्या, आणि सण उजाडून गेलाय हे त्यांना तेव्हा कळलं. त्या फार ओशाळल्या. लेकीने मला फोन करून सांगितलं, काका, तिच्या मोबाईलमध्ये ज्यू सण टाकता येतात, नाहीतर मी प्रत्येक वेळी आधी कळवत जाईन. मी म्हणालो, तू कशाला त्रास घेतेस, मी आहे ना. हे वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं.

त्या मोबाईलच्या कॅलेंडरात आधी सेटिंग शोधा. सेटिंगात सण शोधा. तिथे देशांचे सण वेगळे, धर्मांचे वेगळे. सिस्टरच्या मोबाईलला रेंज येईना म्हणून मी सगळा प्रयोग माझ्या मोबाईलवर करून पाहिला. तो लगेच जमला, आणि मग ते सण काही केल्या निघेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको माझा मोबाईल हातात धरून उभी. आपण कधी ज्यू झालो, विचारते. तिला समजावण्यात चहा गार झाला.

अखेर सिस्टरच्या मोबाईलवर एकदाचे सण उमटले, तर त्यांना एकही नाव ओळखू येईना. मोबाईल म्हणतो रोश हशाना, सिस्टर म्हणतात नव्याचा सण. मोबाईल म्हणतो पुरीम, सिस्टर म्हणतात आमची होळी. बिरड्याचा सण आणि खिरीचा सण तर त्या मोबाईलच्या बापालाही माहीत नव्हते. मी एकेक नाव वाचायचो, त्या विचार करायच्या, मग म्हणायच्या, त्यात खातात काय ते लिवलंय का? म्हणजे कळंल. खायचं काही लिहिलेलं नव्हतं. मी दातओठ खात पुढचं नाव वाचायचो.

सगळ्यात महत्त्वाचा होता तो दारफाळणीचा सण, आणि तो चार-पाच दिवसांवर आला होता. मोबाईलात त्याचं नाव योम किप्पूर. एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कडक उपवास, पाण्याचा थेंब नाही. पांढरं पातळ नेसायचं, दार लावून घ्यायचं, कुणाला भेटायचं नाही. गल्लीला हे ठाऊक होतं. त्या दिवशी दूधवालाही त्यांची कडी वाजवत नसे. माझ्या बायकोला त्यांनी एकदा सांगितलं होतं की दारफाळणीच्या तोंडावर घरातली गेलेली माणसं परत येतात, दार लावून आपण त्यांच्यासोबत बसायचं, आणि नंतरच्या दिवशी ती जातात. त्या नंतरच्या दिवसाला शिळा सण म्हणतात. शिळ्या सणाला सिस्टर दार उघडून गल्लीत गोडधोड वाटायच्या. यंदा भाऊ पहिल्यांदाच येणार होता, त्या तऱ्हेने. त्यामुळे हा सण हुकून चालणारच नव्हतं. त्यांनी मला तीनदा बजावलं, कंट्रोलर, ह्यो तेवढा नीट लावा.

त्यांना मोबाईलची बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून गजर लावायचं ठरलं. दिवस संध्याकाळी लागतो म्हणाल्या, म्हणजे गजर सहाचा. इथपर्यंत सगळं ठीक. पण कॅलेंडरात योम किप्पूर दोन वेगळ्या दिवशी दिसत होता. आमच्या खंडेनवमीला एकदा, दसऱ्याला एकदा. पहिल्या नोंदीत पुढे काहीतरी जास्तीचा इंग्रजी शब्द होता, तो मी वाचलाही नाही. मला वाटलं, मला कळलं. आपल्याकडे नाही का एकादशी कधी दोन दिवस लागते, एक स्मार्त, एक भागवत? आमच्या घरी माळ आहे, आम्ही भागवत धरतो, म्हणजे दुसरी. इतक्या वर्षांची सवय. यांचंही तसंच असणार. मी दुसरा दिवस धरला आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सहाचा गजर लावला. सिस्टरना विचारलंसुद्धा नाही. आता गजर वाजला की दार लावायचं, बाकी काही मोजायचं नाही, म्हणालो. बरं बाबा म्हणाल्या.

मोबाईलला काय दोष द्यायचा? त्याने बिचाऱ्याने सण संध्याकाळी लागतो म्हणून आदली संध्याकाळ वेगळी दाखवली होती.

दसऱ्याला दुपारी मी श्रीखंड-पुरीचं ताट घेऊन गेलो. दार सताड उघडं. सिस्टरनी माझ्यासमोरच खाल्लं, श्रीखंड आणखी मागून घेतलं. आज पोट भरून खाते, उद्या काही न्हाई, म्हणाल्या. मी म्हणालो, खा, खा. म्हणालो काय, आग्रह केला.

संध्याकाळी सोनं द्यायला गेलो. त्यांनी पांढरं पातळ नेसून तयारी केली होती. मी आपट्याची पानं हातावर ठेवली आणि पाया पडलो. एरवी आशीर्वाद देऊन लगेच चेष्टा करायच्या, त्या दिवशी हातातल्या पानांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात गजर वाजला. सहाला एक सेकंद इकडेतिकडे नाही. बघा, म्हणालो मी, गाडी वेळेवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गजर बंद केला आणि दार लावून घेतलं. मी मोठ्या रुबाबात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन. आई काल संध्याकाळपासून फोन उचलत नाही, उपवास नीट सुटला ना?

मी म्हणालो, सुटतोय कसला, कालच तर धरलाय.

तिने शांतपणे सांगितलं, काका, दारफाळणी परवाच्या संध्याकाळी धरायची होती. काल संपली. आज शिळा सण आहे.

ती मुलगी मला एक शब्द लागट बोलली नाही, त्याने जास्तच लाज वाटली. एवढंच म्हणाली की आईला साखर आहे, उगाच पाण्याविना बसलीये, दार वाजवा आणि तिला पाणी प्यायला सांगा.

भिंतीवर आमची छापील दिनदर्शिका टांगलेली होती. दसऱ्याच्या चौकटीत दशमी. नव्याच्या सणापासून दारफाळणी दहावी, हे सिस्टर गेली कित्येक वर्षं सांगत आल्या होत्या. घट बसताना त्यांचं नवं वर्ष लागलं होतं, म्हणजे दहावा दिवस दसराच. काही वर्षी अधिक महिन्याने पुढेमागे होतं, पण यंदा तर अगदी जुळलं होतं. मोबाईल न उघडता, चष्मा न लावता, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर मला दिसलं असतं. बायकोची एकादशी होती, ती भगर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. विचारायचं तरी होतंत त्यांना, एवढंच ती म्हणाली.

समोरच्या दाराशी मी बराच वेळ उभा राहिलो. त्या दिवशी ती कडी वाजवायची नसते हे गल्लीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक. शेवटी वाजवली. पुन्हा वाजवली आणि म्हणालो, सिस्टर, मी कंट्रोलर. माझं चुकलं. दिवस कालचा होता. दार उघडा, पाणी प्या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सिस्टर पांढऱ्या पातळात, ओठ सुकलेले. आत जमिनीवर दोन पाट समोरासमोर मांडलेले होते. आपट्याची पानं त्यातल्या एका पाटावर ठेवलेली.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तुमी सोनं हातावर ठिवलंत तवाच ध्यानात आलं. दसरा म्हंजी दहावा."

मी विचारलं, माहीत होतं तर मग उपाशी का बसलात? मला का नाही सांगितलंत? आवाज चढला माझा. चूक माझी आणि ओरडतोय मीच.

त्या उंबऱ्यावर टेकल्या. "भाऊ दरसाल फोन करायचा. दार लाव गं, म्हनायचा. औंदा कुनी म्हनलं न्हाई, तुमचा मोबाईल वाजला. मी लावलं."

मग पाटाकडे बघत म्हणाल्या, "दारफाळणीला त्यो आला आसंल. मी तवा तुमच्याबरुबर श्रीखंड खात हुते. त्याच्याजवळ बसलेच न्हाई. आज जायाचा दिस. म्हनलं दार लावलेलंच ऱ्हाऊ दे, तेवढाच एक दिस थांबंल."

मी उघड्या दारात उभा होतो. बाजूला व्हावं की दार ओढून घ्यावं, मला कळेना. तांब्या बायकोने मागून आणून दिला होता, तो माझ्या हातात तसाच.

सिस्टरनी माझ्या बाजूने गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली, आणि मग तांब्यासाठी हात पुढे केला.

"द्या पानी," म्हणाल्या. "गेला आता त्यो."