आप्पेपात्रातलं शिसं

नोव्हेंबरातला पहिला शुक्रवार. रक्कम दहा दिनार. हजर असलेली माणसं तीन: मी, बायको आणि इथल्या तेल कंपनीत इंजिनिअर असलेला माझा मालवणी मित्र. जागा, कुवेतमधल्या फरवानियातल्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल.

मित्राची नोकरी महिनाअखेर संपत होती. तो कायमचा गावी निघाला होता आणि मासे पकडायची त्याची काठी, रीळ आणि गळांची पेटी मला फुकट देऊन जाणार होता. त्याआधीचे तीन शुक्रवार मी त्याच्याबरोबर समुद्रावर गेलो होतो. बावीस वर्षं मी कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे जुळवतोय. पण काठीचं टोक पहिल्यांदा थरथरलं तेव्हा माझ्या हातांना जे कळलं, ते बावीस वर्षांत कळलं नव्हतं. मला ती काठी हवी होती. लहान मुलाला हवी असते तशी हवी होती.

अडचण वजनांची होती. गळ तळाशी जावा म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधावं लागतं. आम्ही बसायचो त्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याचा तळ खडकाळ आहे. वजन कपारीत अडकतं, दोरी तुटते, वजन गेलं. दुकानात एक वजन तीनशे फिल्सला; हजार फिल्सचा एक दिनार. दर शुक्रवारी माझी अकरा जायची. म्हणजे तीन दिनार तीनशे. महिन्याचे तेरा दिनार दोनशे. हे मीच बायकोला सांगितलं, कारण लपवणं मला जमत नाही.

"म्हणजे मासा मिळो न मिळो, महिन्याला तेरा दिनार समुद्राला द्यायचे?" ती म्हणाली.

"वजनं मी घरी ओतीन. जुनं शिसं आणून."

"कितीत?"

"कितीत म्हणतेस?"

"दहा दिनार. भांडी, शिसं, हातमोजे, सगळं धरून. एक फिल्स वर गेला तर काठी भाऊजी दुसऱ्या कुणाला देतील. आणि मिळालेल्या माशांची किंमत वजा करायची नाही. खर्च तो खर्च."

"वहिनी, तुमका खरां तर ह्याच्या ऑफिसात बसवूक होया," मित्र म्हणाला.

शिसं ओतणं मला अगदीच नवं नव्हतं. कोकणात माझ्या काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात रानडुकरं उतरायची, त्यांच्यासाठी. गोळ्या ते स्वतः ओतायचे. नारळाच्या करवंट्यांचा जाळ, लोखंडी पळीत वितळलेलं शिसं आणि चिमट्यासारखा साचा. पांढरं झळझळीत शिसं साच्यात गेलं की क्षणात त्याच्यावर साय धरायची. काका लागतील तेवढ्याच गोळ्या करायचे आणि प्रत्येक तळहातावर तोलून बघायचे. विकतची काडतुसं त्यांना कधीच परवडली नाहीत, पण नेम चुकला तर दोष गोळीचा नाही एवढी खात्री त्यांना असायची. इथे बंदुकीचा प्रश्नच नव्हता. बाकी काम तेच होतं.

शिसं शुवैखच्या गॅरेजांत मिळालं. गाडीच्या चाकाचा तोल राखायला रिमला छोटी वजनं ठोकतात. टायर बदलताना जुनी निघतात आणि बादलीत पडतात. एका दुकानातल्या कामगाराला हिंदीत विचारलं. त्याने बादली वर करून दाखवली.

"कितना दोगे?"

"कितना वजन है?"

"वजन का ही तो वजन है, साहब. दो दिनार दो, सब ले जाओ."

घरी तोललं तर आठ किलो. पण सगळं शिसं नव्हतं. काही लोखंड, काही जस्त. मी दोन संध्याकाळी बसून एकेक तुकडा कोऱ्या कागदावर घासला. शिसं करडी रेघ सोडतं, बाकीचे धातू नाही सोडत. शेवटी क्लिपा वगैरे काढून सहा किलो शंभर ग्रॅम शिसं हाती आलं. मुलीने कागद पाहिले आणि इंग्रजीत विचारलं, बाबा, चित्रकला सुरू केली का.

बाकी खर्च असा. शुक्रवार बाजारातून जुनं स्टीलचं पातेलं आणि पळी, एक दिनार. चामडी हातमोजे साडेसातशे फिल्स. धुराचा मास्क साडेनऊशे. तांब्याची तार चारशे. सहलीच्या शेगडीचा गॅस अडीचशे. शिशासकट एकूण पाच दिनार तीनशे पन्नास. जवळजवळ निम्मं बजेट शिल्लक. त्या आठवड्यात ऑफिसातून येताना लिफ्टमध्ये मी स्वतःशी शीळ घालतोय हे माझ्या लक्षात आलं.

राहिला साचा. तयार साचा मागवायचा तर सात दिनार, म्हणजे सगळंच ओलांडलं. वाळूत ओतून पाहावं असा विचार होता, पण वाळू जराशी ओली राहिली तर शिसं उडतं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि खालच्या कपाटात आप्पेपात्र दिसलं. बिडाचं, सात खळग्यांचं. बायको आता आप्पे नॉनस्टिकच्या पात्रात करते, हे जुनं मागे पडलंय, अशी माझी समजूत होती. मुलीच्या खोकल्याच्या औषधाचा चमचा घेतला आणि खळग्यात पाणी मोजलं. निम्म्याहून थोडं वर भरलं तर आठ मिलिलिटर. शिशात धरा नव्वद ग्रॅम. मला हवं होतं ते नेमकं नव्वद ग्रॅमचं वजन. आकडा इतका बरोबर जुळला की दुसरा कुठलाच विचार डोक्यात आला नाही.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी बायको मुलीला घेऊन शाळेच्या कार्यक्रमाला गेली. इमारतीच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, सांगून आम्ही गच्चीवर गेलो. वारा पाठीमागून येईल असे बसलो. पात्र आधी दहा मिनिटं रिकामं तापवलं, कारण पाण्याचा एक थेंब राहिला तरी चालणार नव्हतं. मग पातेल्यात शिसं वितळलं. वरची राख पळीने काढली आणि खाली आरसा दिसला. दोरी बांधायला मित्र तारेचे फास वाकवून हातात धरून बसला होता. मी ओतायचो, तो फास उभा धरायचा, आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्याच्यावर साय धरताना बघायचो.

पात्र उलटं केलं. सातही वजनं टपटप बाहेर पडली. एकही चिकटलं नाही. अठरा वर्षांचं तेल त्या बिडात मुरलेलं होतं, त्याने सोडवली.

मित्राने गार झाल्यावर एक हातात घेऊन फिरवलं.

"मेल्या, समुद्राक आप्पे खावक घालतंस?"

"तोल. तोलून बघ आधी."

"ह्यां शिसां आसा, सोनां नाय."

मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काट्यावर ठेवलं. एक्याण्णव. पुढचं अठ्ठ्याऐंशी. मग नव्वद. सगळी शहाऐंशी ते त्र्याण्णवच्या आत. नऊ घाण्यांत त्रेसष्ट वजनं झाली. नुसत्या शिशाचा भाव धरला तर एक बत्तीस फिल्सला पडलं, सगळं सामान धरूनही पंच्याऐंशीला. दुकानात तीनशे. मी ते मित्राला दोनदा सांगितलं.

तिसऱ्या शुक्रवारी पहाटे आम्ही किनाऱ्यावर होतो. माझं पहिलं वजन हवेत गेलं आणि इतकं लांब जाऊन पडलं की मित्र उठून उभा राहिला. एक बाजू सपाट असल्याने ते तळाशी गडगडत नव्हतं, बसून राहायचं. सहा वजनं कपारींनी खाल्ली. मला काही वाटलं नाही, बत्तीस फिल्स. आठच्या सुमाराला काठी वाकली. थरथरली नाही, वाकली. मित्र शेजारून म्हणत होता, "ढील दी, ढील दी, आता घी." मी रीळ फिरवत होतो. नऊशे ग्रॅमची शेरी होती, इथल्या खडकांतला मासा. अर्ध्या तासाने दुसरी, सातशेची.

घरी आल्यावर बायकोने दोन्ही मासे सिंकमध्ये बघितले, आणि तिलाही आनंद झाला हे मला दिसलं. ती म्हणाली, "भाऊजी, उद्या सकाळी तुम्ही नाश्त्याला या. गावी जाण्याआधी तुम्हाला आप्पे घालायचे आहेत. बिडाच्या पात्रातले. नॉनस्टिकला ती चव नाही."

ती खालच्या कपाटाशी वाकली. मित्राने हातातल्या वजनाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी समजलंय, तू ता भंगारातसून हाडलंस," तो हळूच म्हणाला.

मी सांगितलं. पात्र कुठे आहे, त्यात काय ओतलं, आणि आता ते कितीही घासलं तरी त्यात खायचं करता येणार नाही, हेही. ती टेबलाशी येऊन बसली. लग्नानंतर कुवेतला येताना हातातल्या पिशवीतून ती ते घेऊन आली होती. विमानतळावर बॅग उघडायला लावली होती, हे काय म्हणून विचारलं होतं.

"विचारायचं होतंत," ती म्हणाली.

"हो."

"मी घरात नव्हते, पण फोन होता."

"हो."

मग मी कागद काढला, कारण अट तशी होती. पाच दिनार तीनशे पन्नास. नवं बिडाचं आप्पेपात्र इथल्या भारतीय दुकानात साडेपाच दिनार. एकूण दहा दिनार आठशे पन्नास. अटीपेक्षा आठशे पन्नास फिल्स जास्त. "काठी तू दुसऱ्याला दे," मी मित्राला म्हणालो.

बायकोने कागद तिच्याकडे ओढला.

"साडेपाच कुठून आणलेत?"

"नव्याची किंमत."

"माझं नवं होतं का? अठरा वर्षं वापरलेलं होतं. घसारा कुठे आहे? ऑफिसात असंच लिहिता?"

"बिडाचं पात्र जितकं जुनं तितकं चांगलं. त्याला घसारा लागत नाही."

"ते मला शिकवू नका. त्याला एक कान नव्हता, तुमच्याच हातून पडून तुटलेला. एक दिनार कमी धरा."

"पण ते पाडलं मीच, मग वजावट मला कशी?"

"अहो, गप्प बसा," ती म्हणाली. "भाऊजी, ह्यांना गप्प करा."

"गप रव रे," मित्र म्हणाला. "वहिनी जिंकवतत तुका, आणि तू भांडतंस?"

साडेचार दिनार धरले. एकूण नऊ दिनार आठशे पन्नास. तिने खाली रेघ मारली आणि शेरी चिरायला उठली. काठी त्या दिवसापासून आमच्या दारामागे उभी आहे, आणि आप्पेपात्र गच्चीच्या जिन्यात, वर लाल रंगात 'शिसं' असं लिहून.

साडेचार दिनार मी त्याच संध्याकाळी, रोख, बायकोला दिले.