कीबोर्डवरचा रुमाल

आमच्या कॉलेजच्या लॅबमधले सहायक आणि मी पाथर्डीहून एकाच एसटीने येतो. ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मी नगरपर्यंत उभी असते.

लॅबमधल्या लिनक्सवरचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम करणारं सॉफ्टवेअर, जुना होता. माझा प्रोजेक्ट त्यावर चालेना आणि दुपारी परीक्षक येणार होते. सहायकांनी सकाळीच एका मशीनवर मूळ कोडपासून नवा कंपायलर तयार करायला लावला आणि कीबोर्डवर रुमाल टाकला.

"लई येळ चालंल. कुणाला हात लावू देऊ नका, ताई."

तेवढ्यात प्राचार्य मेल बघायला आले आणि नेमके त्याच खुर्चीकडे वळले.

"सर, तितं जागा धरल्याली हाय," सहायक म्हणाले.

"कुणासाठी?"

"ताईंच्या कंपायलरसाठी. यायचाय अजून."

प्राचार्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि ते पलीकडच्या मशीनवर जाऊन बसले.

दुपारी कंपायलर तयार झाला. सहायकांनी त्याचं थेट बसवता येईल असं पॅकेज करून ते बाकीच्या मशीनवरही टाकलं. मग रुमाल झटकून खिशात ठेवला.

"बसा, ताई."

परीक्षक आले तेव्हा प्रोजेक्ट चालत होता आणि मी चक्क बसलेली होते.