सोळाशेचा क्रँक

“अजून एकदा मोजावं लागंल,” असं सोमाजी शिंगाडे म्हणाला, तेव्हा मोजायचं काहीच शिल्लक नव्हतं.

ओतूरहून मढकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला त्याची पत्र्याची शेड लागते. आत एक लेथ, एक बोअरिंगचं मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला जुन्या जीपची काढून ठेवलेली सीट. एकेकाळी त्या सीटवर जागा मिळत नसे. विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्तीला यायची, इंजिनाबरोबर माणूस यायचा, आणि काम होईपर्यंत कांद्याचं, मेंढरांचं, सोयरिकीचं बोलत बसायचा. मग विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. जळलेली मोटार वायंडिंगवाल्याकडे जाते. सोमाजीकडे तिचं काही काम नसतं. आता आठवड्याला एखादं काम आलं तर ते कुणीतरी टेम्पोतून उतरवून जाई आणि नंतर फोनवर विचारी, झालं का. बायको, चिमाबाई, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी चाकणला. ती रविवारी फोन करी, गोळ्या घेतल्या का विचारी, आणि घेतल्या म्हटलं की दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचत नसे.

अशात सुदर्शन आला. पस्तिशीचा गडी, टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, घरात तीन पिढ्यांचा बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद. त्यानं जुनी जिप्सी घेतली होती आणि ती डिंभ्याच्या वरच्या अंगाला होणाऱ्या मोटारींच्या स्पर्धेत उतरवायची होती. नऊ किलोमीटरचा चढ, घड्याळ लावून. गाडीचं मूळ इंजिन तेराशे सीसीचं. ते वाढवायचं होतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली जेवढं अंतर चालतो तो त्याचा स्ट्रोक. क्रँक, म्हणजे पिस्टनला वरखाली हलवणारा फिरता दांडा, बदलला की ते अंतर वाढतं, आणि बाहेरून तेवढंच दिसणारं इंजिन आतून मोठं होतं. किती मोठं करायचं, एवढाच प्रश्न. एक क्रँक घातला तर साडेचौदाशे. दुसरा घालून बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोकही, मिलिमीटरभर वाढवला तर जवळजवळ सोळाशे.

सोमाजीनं पहिल्याच दिवशी इंजिन उघडलं, सिलिंडरला गेज लावलं, भिंतीवर खडूनं चार आकडे लिहिले आणि त्याला उत्तर कळलं. सोळाशेचा क्रँक या ब्लॉकला झेपणारा नव्हता. क्रँकला पिस्टन जोडणारा रॉड इतका तिरका होणार की पिस्टन भिंतीला रेटतच चालणार. थोडा वेळ चालेल, जोरात चालेल, पण नऊ किलोमीटरचा चढ काढणार नाही. साडेचौदाशेच बरोबर. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पण सुदर्शन सीटवर ऐसपैस बसला होता. त्यानं समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले होते, आणि चहा अजून यायचा होता. सोमाजीनं खडू खिशात टाकला, भिंतीवरचे आकडे बोळ्यानं पुसले, आणि अजून एकदा मोजावं लागंल, असं तो बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रोपांना पाणी देऊन, सुदर्शन परत आला. मग रोजच येऊ लागला.

“आमच्या घाटात कसं असतं काका, बारी बारा सेकंदाची. पहिल्या झेपंला जो सुटला तो सुटला. तितं मोठाच बैल लागतो.”

“मोठा का चपळ?”

“दोनी.”

“असा हाय का तुमच्या गोठ्यात?”

“व्हता. आज्यानं इकला.”

“मंग इंजिनाचं बी आज्यालाच इचारा.”

सुदर्शन मांडीवर थाप मारून हसे. घाट म्हणजे त्याच्यासाठी बैलगाड्यांची चढाची धाव. बारा सेकंदांत जिंकायचं किंवा हरायचं. गाडीचंही तसंच असणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. सोमाजीला ही चूक पहिल्या दिवसापासून दिसत होती. तो ती दुरुस्त करी, पण थोडी थोडी, पुरवून पुरवून. आज रॉडचं काढायचं, पिस्टनचं उद्या, तेल तापतं ते परवा. सकाळी एकटा असला की तो तेच सिलिंडर पुन्हा मोजी. आकडा तोच येई. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाचं काम एक दिवस अडवलं नव्हतं. आता तो धुतलेला शर्ट घालून तीन वाजायची वाट बघत बसे.

असे सव्वीस दिवस गेले. मग चार दिवस सुदर्शन आलाच नाही. सोमाजीनं फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि कामाचं विचारण्यासारखं काही नव्हतं म्हणून ठेवून दिला.

पाचव्या दिवशी तो आला तो पप्पू नावाच्या मित्राला घेऊन. सुदर्शननं लाल फडक्यात बांधलेलं जड काहीतरी बाकावर ठेवलं. फडकं सोडलं तर आत क्रँक. सोळाशेचा.

“ओझरला देवाच्या पायावर घालून आणला,” सुदर्शन म्हणाला. “नारळ फोडला. घरी भंडारा लावला. स्पर्धेला पंधराच दिवस ऱ्हायलेत काका, आता बसवा.”

“कुणाला इचारून घेतला?”

“तुमालाच की. आमच्यात बैल बघायला जाणतं माणूस नेत्यात. नापसंत असला तर ते बोलत न्हाई, गोठ्यातनं उठून जातं. तुमी महिनाभर बसून व्हता. मी म्हणलं, पसंत हाय.”

सोमाजीनं क्रँक उचलून उजेडात धरला. हळदीचा भंडारा हातानं दाबून लावलेला, अगदी तेलाच्या भोकांतही गच्च भरलेला. त्यानं तार घेतली आणि एकेक भोक कोरून काढू लागला. ओला पिवळा लगदा त्याच्या बोटांवर येत राहिला. देवाच्या पायावर घातलेली वस्तू आता परत जाणार नव्हती. आणि ही बसवली तर पिस्टन घासणार, इंजिन पुनःपुन्हा उघडावं लागणार. सुदर्शन वर्षभर येत राहील, या सीटवर बसेल, चहा सांगेल. फक्त गप्प राहायचं होतं. त्याची त्याला आता सवय झाली होती.

तिसरं भोक मोकळं झालं तेव्हा तो म्हणाला, “ह्यो बसवायचा न्हाई. चढात पिस्टन धरंल, इंजिन जाम व्हईल. साडेचौदाशेच पायजे.”

“आता सांगता व्हय? कवा कळलं तुमाला?”

“पहिल्याच दिशी.”

पप्पू हसला. “म्हाताऱ्याला चहा फुकाटचा भेटत व्हता राव.”

“तू गप रे,” सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. “काका, पहिल्या दिशी कळलं व्हतं, मंग महिनाभर मला कशापायी बशिवलं?”

तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. सोमाजीनं तार बाकावर ठेवली, पिवळे झालेले हात पँटला पुसले, आणि दोघांच्या मधून वाट काढत, एक शब्द न बोलता, स्वतःच्याच शेडमधून बाहेर निघून गेला.