टँकरच्या गेमला कुलूप नको

आमचा गेम पाण्याच्या टँकरचा होता. खेळणाऱ्यानं टँकर चालवायचा, बेंगळुरूच्या ट्रॅफिकमधून वाट काढायची आणि अपार्टमेंटची टाकी कोरडी पडायच्या आत गेट गाठायचं. खड्ड्यात चाक गेलं की पाणी हिंदकळून सांडणार. उशीर झाला की गेटवर असोसिएशनच्या सेक्रेटरीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. खेळ एवढाच, पण नोकरी सांभाळून तो करताना आमचे कितीतरी शनिवार-रविवार गेले.

आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. मी निपाणीची, बेंगळुरूत महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत कोड लिहिते. अण्णा तिथंच चित्रं काढायचा. त्याचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडं येऊन राहिलेलं, आणि घरात अजून मराठी. पहिल्यांदा त्याचं मराठी ऐकून मला हसू आवरेना, आणि माझं ऐकून त्याला. तो मला अक्का म्हणतो, मी त्याला अण्णा. दोघांत मोठं कोण, याचा निकाल आम्ही कधी लावला नाही.

गेम विकायला काढायच्या आधीच्या आठवड्यात जयनगरला त्याच्या घराच्या वरच्या खोलीत आमचं जोरदार भांडण झालं. विषय कुलपाचा. कुलूप म्हणजे असं, की गेम उघडला की आधी इंटरनेटवरून खात्री करून घेतो, ही कॉपी विकत घेतलेली आहे ना? नसेल तर चालत नाही.

"कुलूप नको," मी म्हटलं.

"येन अक्का, काय बोलतेस? एकानं विकत घ्यायचं आणि गावानं पेन ड्राइव्हवर न्यायचं?"

मग मी त्याला निपाणीची गोष्ट सांगितली. नोकरी नवी होती तेव्हा मी हौसेनं एक गेम विकत घेतला आणि सुट्टीत घरी नेला. तिथं नेटवर्क गेलं. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, जिन्यात बसले, शेजाऱ्यांच्या अंगणात उभी राहिले, तरी गेम उघडेना. आणि खाली माझा आतेभाऊ तोच गेम, कुलूप तोडलेली कॉपी, मजेत खेळत होता. पैसे देणारी मी बाहेर आणि तो आत.

"म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की," अण्णा म्हणाला. "तुझ्या आतेभावानं फुकटच घेतला ना?"

"त्या गेमला कुलूप होतं, अण्णा. तरी घेतला."

त्यानं पेन्सिल कानामागे खोचली, काढली, पुन्हा खोचली.

"सरी, ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण गेम फुकट फिरायला लागला तर मी सांगणार हां, मी म्हटलं होतं म्हणून."

गेम विकायला ठेवला त्या सकाळी त्याची आई उप्पिटाच्या बश्या घेऊन वर आली, तर आम्ही दोघं स्क्रीनसमोर उभे राहून ओरडत होतो. पहिलं गिऱ्हाईक! कुठल्या तरी अनोळखी माणसानं, कुठल्या तरी गावात बसून, आमचा टँकर विकत घेतला होता. त्या माऊलीला काय झालं ते कळेना. अण्णानं तिला धरून गर्रकन फिरवलं, बशीतलं उप्पिट सतरंजीवर सांडलं आणि तीही हसायला लागली.

आठवडा सरला नसेल. मी ऑफिसात जेवत होते आणि अण्णाचा फोन आला. "मी म्हटलं होतं!" एवढंच म्हणून त्यानं लिंक पाठवली.

एका फुकट साइटवर आमचा पूर्ण गेम ठेवलेला होता. वर अण्णानंच काढलेलं पिवळ्या टँकरचं चित्र. घास तसाच टाकून मी खालच्या प्रतिक्रिया वाचायला लागले. वाईट वाटायला सुरुवात झाली होती, पण वाचता वाचता वेगळाच राग आला. एकानं लिहिलं होतं, फ्लायओव्हरवर टँकर रस्त्यातून आरपार खाली पडतो, फालतू गेम आहे. खाली दहाबारा जणांनी माना डोलावलेल्या. अरे, ती चूक आम्ही दुसऱ्याच दिवशी सुधारली होती! विकत घेणाऱ्यांना सुधारलेला गेम मिळाला होता, आणि ह्या साइटवर जुनाच लोंबकळत होता. फुकट गेला तो गेलाच, वर बदनामीही आमचीच.

मी तिथंच खाली लिहिलं: हा गेम आम्ही दोघांनी केलाय. तुमच्याकडची कॉपी जुनी आहे, फ्लायओव्हर दुरुस्त केलेली फाइल ही घ्या. आवडला तर आमच्याकडून विकत घ्या, नाही आवडला तर काय चुकलं ते कळवा. आणि ईमेलचा पत्ता दिला.

"चोराला पानात वाढतेस?" अण्णा फोनवर किंचाळला.

"उपाशी पोटी शिव्या देतोय, अण्णा. निदान नीट जेवून देऊ दे."

संध्याकाळपर्यंत त्या पानावर नुसती झुंबड. कुणी म्हणे तुम्ही खरेच का, कुणी दुरुस्त फाइलबद्दल आभार मानले, काहींनी चक्क विकत घेतल्याचं लिहिलं. बाकीचे फाइल घेऊन निघून गेले. मी दर पाच मिनिटांनी पान उघडत होते. बसमध्ये माझा थांबा गेला तरी कळलं नाही.

आणि मग बेंगळुरूबाहेरच्या होसकोट्याहून एक ईमेल आलं. कन्नडमध्ये, सोबत एक व्हिडिओ. मजकूर चार ओळींचाच होता: तुमच्या खेळातल्या बाईचा आवाज फार मवाळ आहे, म्हणून आम्ही बदलला, रागावू नका.

मवाळ आवाज माझा होता. खर्च वाचवायला मीच हिंदीत बोलले होते.

जयनगरच्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी पिताना आम्ही व्हिडिओ लावला. गेम आमचाच. टँकर गेटवर पोचला, सेक्रेटरीबाई पुढं आल्या आणि अख्खं दुकान वळून बघेल असा आवाज घुमला, "नीरु यल्लि री?" पाणी कुठाय हो! आणि पुढं ड्रायव्हरची, त्याच्या मालकाची, पालिकेची, उन्हाची अशी काही झाडाझडती, की अण्णाच्या नाकातून कॉफी आली. शेजारच्या टेबलावरचे दोघे आपणहून आमच्या फोनवर वाकले. आम्ही तो व्हिडिओ पुन्हा लावला. मग आणखी एकदा, त्यांच्यासाठी.

ईमेलखाली पत्ता होता, तो धरून रविवारी आम्ही होसकोट्याला गेलो. दार उघडलं ते पंचेचाळिशीच्या एका बाईंनी. कारखान्यात पॅकिंगला काम करतात, गावातल्या हौशी नाटकांतून भूमिका करतात. नवऱ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आम्हाला बघून दोघंही बावरले. आम्ही भांडायला आलो, असंच त्यांना वाटलं.

"गेम मिळाला कुठून, अक्का?" अण्णानं कन्नडमध्ये विचारलं.

"आमच्या सेक्शनमधल्या एकीच्या पेन ड्राइव्हवरून. तुमचा ईमेलचा पत्ताही तिनंच कुठूनसा आणून दिला." त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांनी फोल्डर उघडला तर आवाजाच्या फाइली नुसत्या समोर पडलेल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनमध्ये आवाज भरला, ह्यांनी त्या जागी बसवलं."

"विकत का नाही घेतला?"

"हे विकत मिळतं?" त्या मनापासून चकित झाल्या. "पेन ड्राइव्हवर दुकानाचं नाव कुठं असतं, अण्णा?"

आम्ही एवढं भांडलो होतो, पण गेम सुरू होताना हा कुणी केला आणि कुठं मिळतो, हे लिहायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

परत येताना अण्णा गाडीत एकदम स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "फाइली बंद असत्या तर हा आवाज आपल्याला मिळाला नसता, अक्का! कन्नड आवृत्ती काढू. त्यांच्याच आवाजात. रीतसर, मानधन देऊन."

रेकॉर्डिंग जयनगरच्या वरच्या खोलीत केलं. खिडक्यांना रजया लावल्या, पंखा बंद, घामाच्या धारा. होसकोट्याच्या अक्का माइकसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्याच झटक्यात असा आवाज लावला, की खाली गेट वाजलं. समोरच्या घरातले आजोबा धावत आले होते. टँकर आला का, आम्हालाही हवाय म्हणून. अक्का हसत सुटल्या, तो टेक वाया गेला, पण ते हसणं आम्ही गेममध्ये तसंच ठेवलं. पाणी वेळेवर पोचलं की सेक्रेटरीबाई तशा हसतात.

कन्नड आवृत्ती पहिलीपेक्षा जोरात गेली. फुकटही फिरली, त्याच आठवड्यात. कुलूप न लावल्यामुळं किती गिऱ्हाइकं गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. आमच्या एका मित्राच्या गेमला भक्कम कुलूप होतं, तेही काही दिवसांतच तुटलं, आणि नेटवर्क नसलेल्यांच्या तक्रारी मात्र त्याच्याकडं अजून येतात. फुकट नेणारे काही जण नेतातच, ते मी नाकारत नाही. अण्णाचं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि ते बरंच आहे. कुणीतरी वाद घालायला हवा.

सध्या आम्ही रिक्षाचा गेम करतोय. होसकोट्याच्या अक्कांना त्यात मीटरवर यायला नकार देणारा ड्रायव्हर व्हायचंय. पुरुषाचा आवाज काढून दाखवते म्हणाल्या, आणि फोनवरच सुरू झाल्या. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते, स्पीकर चालू राहिला होता. लिफ्टमधल्या कन्नड कळणाऱ्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्याकडं पाहिलं.