लाल पानांची हौस

आमच्या बाजूला मुलगी बघायला आलेली माणसं चहा संपवतात आणि बाग बघायला उठतात. मला बघायला आलेल्या मंडळींनीही तेच केलं. माझं माहेर खटावकडचं, सासर तासगावच्या बाजूचं. मला कुणी काय विचारलं ते आता आठवत नाही, पण होणारे सासरे भावाच्या काळ्या द्राक्षांच्या बागेत शिरले ते बाहेर यायलाच तयार नव्हते, हे पक्कं आठवतं. एका कोपऱ्यातल्या वेलींची पानं लालभडक झाली होती. कडा खाली वळलेल्या, शिरा तेवढ्या हिरव्या. बाकी सगळी बाग साधी हिरवी.

"काय देखणी जात हाय!" सासरे म्हणाले. माझ्याबद्दल असं कुणी काही म्हणालं नाही.

त्या कोपऱ्यातला माल दरवर्षी पिकायला मागं राहतो हे भावाला माहीत होतं. पण पाहुण्यानं कौतुक केलं की आमच्याकडे माणसाची जीभ टाळूला चिकटते.

लग्नानंतरच्या पहिल्याच भाद्रपदात सासरे काड्या आणायला माझ्या माहेरी गेले. आपल्या रानातल्या खुंटावर दुसऱ्याच्या वेलीची काडी बांधायची, की पुढं त्या काडीचाच वेल वाढतो, तिचे सगळे गुण-अवगुण घेऊन. म्हणून काडी घ्यायची ती निरोगी, भरघोस माल देणाऱ्या वेलीची. हे शेंबड्या पोरालाही कळतं. सासऱ्यांनी मात्र अख्खी हिरवी बाग सोडून लाल कोपरा निवडला. भावानंही मुकाट्यानं कात्री चालवली, काड्या ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि वर टॉवेल-टोपी दिली.

बाग वाढली, लाल झाली. सासऱ्यांनी तिचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकले आणि अंगठ्यांचा पाऊस पडला. मग पहिलं पीक आलं. एकाच घडात काही मणी काळे, काही गुलाबी, काही हिरवेच. गोडी चढेना. व्यापाऱ्यानं एक मणी तोंडात टाकला, थुंकला आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर आमच्या बांधावर शहाण्यांची रांग लागली. एक सल्लागार तर गाडीतून खालीही उतरला नाही. काचेतून पान बघून म्हणाला, मॅग्नेशियम कमी आहे. दुसरा म्हणाला पोटॅश. सासरे दोघांचंही ऐकून फवारत सुटले आणि वर तारेला काळी बाहुली टांगली. शेवटी मीच हट्ट धरून पानं तपासायला पाठवली. व्हायरस निघाला. काडीतून आलेला, औषध नसलेला. एकदा वेलीत शिरला की वेल मरेपर्यंत तिच्यात राहणारा, आणि पांढऱ्या मिलीबग किडीच्या पाठीवर बसून शेजारच्या वेलींतही जाणारा. हा तुकडा काढून टाका, एवढंच उत्तर होतं.

सासऱ्यांनी ते ऐकलं, आणि तुकडा तसाच ठेवला. गावभर मिरवलेली बाग काढायची म्हणजे नाक कापून घ्यायचं! माझा नवरा या सगळ्यात मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या भाद्रपदात नणंदेचे सासरे मुक्कामाला आले. ते जतकडचे. त्यांच्याकडे पाणी आत्ता कुठं आलेलं, आयुष्यातली पहिलीच बाग, खुंट कलमाला तयार. त्यांना काड्या हव्या होत्या. फोटोत बघितलेल्या लाल तुकड्यातल्या! सासऱ्यांनी संध्याकाळी स्वतः काड्या कापून पोत्यात बांधल्या.

"मामा, ह्या देऊ नका," मी म्हणाले. "ताईंची सगळी बाग बसेल."

"सोयऱ्याला न्हाई म्हणू? आन् सांगू काय, सुनेच्या माहेरनं रोग आला म्हणून? तुलाच कमीपणा येईल, पोरी."

माझी अब्रू राखायला स्वतःच्या लेकीची बाग मारायची, असला तो मोठेपणा. मला किळस आली.

जेवताना मी पाहुण्यांना सरळ सांगितलं, की त्या वेलींना रोग आहे, नेऊ नका. पाहुणे खो खो हसले. "आवं व्याही, सूनबाई माहेरची काडी द्यायला लय चिंगूस हाय की!" सगळे हसले. नवराही हसला, मोबाईलमधून डोकं वर काढून.

सकाळी अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायचं काम माझं. पोतं पडवीत कोपऱ्यात होतं. मी ते उचललं. ओल्या काड्या लवकर पेट घेत नाहीत. खाली उसाचं पाचट घातलं, नारळाच्या शेंड्या घातल्या आणि काड्या मोडून मोडून आत कोंबल्या. मुळात माझ्या वडिलांनी लावलेल्या बागेतली ती काडी. तिचा मला संताप येत होता, आणि ती जळताना वाईटही वाटत होतं.

पाहुणे डोकं पुसत बाहेर आले. "पानी लय झकास तापलंय, बरं का."

सासरे रिकामं पोतं हातात धरून उभे होते. त्यांनी पोत्याकडे बघितलं, मग बंबाकडे. "बंबात काय घातलंस गं?"

"माझं माहेर, मामा."

पाहुण्यांचा टॉवेल डोक्यावरच राहिला. द्यायला चिंगूस असलेली बाई जाळायला बसत नाही, एवढं त्यांना कळलं असावं. चहा झाल्यावर ते निघाले. सासरे म्हणाले, थांबा, दुसऱ्या काड्या कापून देतो. पाहुण्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नगं."